रिकाम्या तारवाचे नीरम



भवसागर, भवनदी, पैलतीर, तारू, नाव, नावाडी. हे शब्द आपल्या जिभेवर इतके रुळले आहेत की ते मुळात पाण्यावरचे शब्द आहेत, कुणीतरी ते हाताला घट्टे पाडून रोज वापरतो, याचा आपल्याला विसर पडतो. कीर्तनकार तर तासा-दोन तासांत दहा वेळा भवसागर उतरतो आणि श्रोत्यांनाही उतरवतो. गंमत अशी की आपल्या संप्रदायाची मुख्य ठाणी सगळी देशावरची. आळंदी इंद्रायणीवर, पैठण गोदावरीवर, पंढरी चंद्रभागेवर. नद्या आहेत, समुद्र नाही. मी तर माणदेशातला. आमच्या ओढ्यातून वर्षाचे दहा महिने वाळूच वाहते. लहानपणी नाव पाहिली ती पंढरपुरात, कोळ्यांची, माणसे गोपाळपुराकडे नेणारी. तिच्यापलीकडे जहाज म्हणजे आम्हाला पुस्तकातले चित्र.

आज मी तुमच्यापुढे निरूपणाला अभंग घेऊन आलेलो नाही. काही शब्द घेऊन आलो आहे. ते दर्यावर राबणाऱ्या लोकांचे आहेत. त्यांतला एक शब्द या उतारवयात माझ्या फार कामी आला. तो सांगायचा म्हणूनच हा खटाटोप. पण तो लगेच सांगणार नाही. कीर्तनकाराची खोड आहे, आपण सांभाळून घ्यावे.

आधी नदीचे शब्द पाहू, कारण ते आपल्या घरातले आहेत. प्रपंच आणि परमार्थ यांची सांगड घाला, असे आपण नेहमी सांगतो. सांगड म्हणजे काय? वाळलेले भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरायला केलेले साधन, किंवा शेजारी शेजारी बांधलेल्या दोन होड्या. एकटी निमुळती होडी प्रवाहात कलंडते. दुसरीला बांधली की दोघी एकमेकींना सावरतात. मग लक्षात येते की सांगड घालणे म्हणजे दोन गोष्टींचा काला करणे नव्हे. दोन्ही होड्या वेगळ्याच राहतात, नुसत्या दोराने बांधलेल्या असतात. तसाच उतारू हा शब्द. आज तो रेल्वेच्या फलाटावर दिसतो, पण त्याच्यात नदीचा उतार आहे.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माउलींनी मायेला नदी केले आहे, हे पारायण करणाऱ्यांना सांगायला नको. त्या नदीत कोण कशाच्या आधाराने उतरला आणि कुठे अडकला, याचा तिथे केवढा मोठा पट मांडला आहे! शेवटी पार होतात त्यांच्याकडे सद्गुरू हा तारू असतो आणि आत्मनिवेदन हे तरांडे. तिथे तारू म्हणजे तारणारा, नावाडी. कोकणात मात्र तारू म्हणजे गलबतच. नेणारा आणि ज्यात बसून जायचे ते, दोघांना एकच शब्द. यावर एक अख्खे कीर्तन होते. मी केलेले आहे. असो.

समुद्राचे शब्द मला मिळाले ते माझ्या मृदंगवादकांकडून. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातले गृहस्थ. सव्वीस वर्षे त्यांनी मला साथ केली. वडील शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. मी त्यांना नाखवा म्हणे, ते मला बुवा. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे मी जे शिकलो, ते शिकवायला तिथे मोठमोठे अधिकारी होते. हे दुसरे शिक्षण मात्र रात्रीच्या एसटीत झाले. एका सप्ताहाहून दुसऱ्या सप्ताहाला जाताना, मृदंग मांडीवर घेऊन.

नाखवा म्हणजे तारवाचा धनी किंवा कप्तान. शब्द फारसी नाखुदावरून आलेला, नावेचा मालक अशा अर्थाचा. तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या. सुकाण्या तो, ज्याच्या हातात सुकाणू. हे सुकाणूही मूळचे अरबी. मराठ्यांच्या आरमारातली गुराब हीसुद्धा अरबीच, त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ कावळा. आमच्या कोळ्यांच्या तोंडी इतके परके शब्द कसे, असे मी एकदा विचारले. नाखवा म्हणाले, "बुवा, किनाऱ्याला कुंपण कुठे असतं?" या शब्दांची मातब्बरी एवढी की इंग्रजांच्या जहाजांवर आपल्याकडचे खलाशी कामाला असत आणि त्यांना हुकूम त्यांच्याच बोलीत द्यावे लागत. त्यासाठी थॉमस रोबक नावाच्या साहेबाने १८११ साली कलकत्त्यात खलाशी बोलीचा एक कोशच छापला. तो गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच होता.

शिड, डोलकाठी, वल्हे हे तुम्हाला माहीत आहेत. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, हे कदाचित नसेल. आणि गलबत निघाले म्हणजे ते हाकारले. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, दिवसा समुद्रावरून येतो तो खारा. पहाटे, आपल्या काकड्याच्या वेळी, मतलईवर शीड सोडून बाहेर जायचे आणि दुपारनंतर खाऱ्यावर घरी यायचे, असा शिडाच्या होड्यांचा क्रम असे.

आता नांगर. आपण शेतकरी माणसे. नांगर म्हटले की बैल, कासरा आणि ढेकळे डोळ्यापुढे येतात. किनाऱ्यावर नांगर म्हणजे गलबत थांबवून धरणारा लोखंडी आकडा. एक नांगर चालवायचा, दुसरा टाकायचा. एकाने जमीन उलटते, दुसऱ्याने गलबत अडते. वरवर पाहता उलटी कामे. पण नीट पाहा, दोघांचा प्राण एकच, दात जमिनीत रुतला पाहिजे. नुसता वरून खरवडत गेला तर शेतही होत नाही आणि गलबतही थांबत नाही.

नाखव्यांनी सांगितलेली पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. नांगर टाकताना दोर भरपूर सोडावा लागतो, पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट. माणूस घाबरतो आणि दोर आखूड ठेवतो, म्हणजे गलबत जवळ राहील. पण आखूड दोर वरच्या दिशेने ओढतो आणि लाटेसरशी नांगर उचकटतो. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि दात आणखी खोल जातो. आणि नांगरलेले गलबत एका जागी ताठ उभे नसते. भरतीला त्याचे तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे. ते नांगराभोवती फिरत असते. मनाला नामाच्या ठिकाणी बांधायचे आणि ते जरा हलले की स्वतःवर चिडायचे, अशी तक्रार घेऊन अनेक साधक माझ्याकडे येत. त्यांना मी हे सांगत असे. फिरू द्या. दोर तुटलेला नाही ना, एवढेच पाहा.

जाता जाता एक शाब्दिक गंमत. जुन्या छापील पोथ्यांत नांव म्हणजे देवाचे नांव, त्यावर अनुस्वार. पाण्यातली नाव अनुस्वाराशिवाय. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम बदलले, उच्चार न होणारे अनुस्वार गळाले आणि नाव आणि नाव एक झाले. कीर्तनात यावर हमखास टाळी पडे. मला स्वतःला तो श्लेष जरा स्वस्त वाटतो, पण टाळी मी नाकारली नाही.

वारकऱ्याला खरा आनंद व्हावा अशी गोष्ट वेगळीच आहे. आपला पंचांग आणि खलाशाचा पंचांग एकच. आपण चंद्र पाहून एकादशी धरतो, तो चंद्र पाहून भरती धरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती-ओहोटी मंदावते, त्याला भांग म्हणतात. आणि भरती किती वाजता, हे घड्याळाच्या कोष्टकाशिवाय काढायची रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. मग एकादशीला? अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळीही आणि रात्रीही. बंदराबंदरात थोडे मागेपुढे होते, पण मुंबई-रायगडच्या बाजूला हा हिशेब चालतो. नाखव्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण हा हिशेब त्यांच्या बोटांवर असे. ते आषाढीची वारी चुकवीत नसत. आषाढात मचवा वर ओढून झावळ्यांनी शाकारलेला असतो, दर्या बंद असतो. मग माणूस पंढरीला मोकळा.

हे सगळे गोड झाले. पण किनाऱ्यावर पाण्याचे रूपक वापरणे ही सोपी गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे.

नाखव्यांच्या गावात माझे पहिले कीर्तन होते. देवळात जाण्यापूर्वी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुवा, इथे बुडणं-तरणं जपून बोला. इथे घरटी एक माणूस पाण्यात आहे." १७ जुलै १९४७ रोजी रामदास नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. लाट आली, उतारू घाबरून एका अंगाला धावले आणि बोट कलली, असे सांगतात. मी त्या गावी गेलो तेव्हा त्या वेळच्या विधवा म्हाताऱ्या होऊन पुढच्या रांगेत बसत. त्याआधी १९२७ साली तुकाराम नावाची आगबोटही कोकणच्या समुद्रात बुडाली होती. संतांची नावे बोटींना दिलेली. आता या माणसांपुढे उभे राहून, नामाची नाव कधी बुडत नाही, असे हात वर करून म्हणायचे?

मी म्हटले. पण हात वर केला नाही. संतांनी देह तरेल असे आश्वासन कुठेही दिलेले नाही, हे आधी सांगितले. फळीवर रंगवलेले नाव आणि श्वासात मुरलेले नाव यांतला भेद सांगितला. तेवढ्याने त्या आयांचे समाधान झाले की नाही, मला ठाऊक नाही. कीर्तन संपल्यावर त्या नेहमीसारख्या पाया पडून गेल्या. कोकणातल्या कुठल्याही कीर्तनात 'बुडाला' या शब्दावर मी हशा घेतला नाही.

कलणे हा शब्द मात्र तिथपासून माझ्या मनात राहिला. आपण मनाचा कल म्हणतो, तोच हा. आणि त्याच्या पाठोपाठ येतो तो शब्द, ज्याच्यासाठी तुम्हाला इथवर आणले.

नीरम.

शिडाचे गलबत कोकणातून भात, कौले, जळाऊ लाकूड, मीठ असा माल भरून मुंबईला जाई. भरलेले गलबत पाण्यात खोल बसते, वाऱ्याला दाद देत नाही. माल उतरला की ते हलके होते. वर येते. आपल्याला वाटेल, हलके झाले, बरे झाले, आता भरभर घरी जाईल. नाही माउली. डोलकाठी तेवढीच उंच, शीड तेवढेच मोठे, आणि खाली वजन नाही. पहिल्याच जोराच्या झुळकीला ते आडवे होईल. भरलेल्या गलबताइतकीच, किंबहुना जास्त, भीती रिकाम्याला. म्हणून परतताना तळात दगड किंवा रेती भरतात. त्याला म्हणतात नीरम. ते विकायचे नसते. त्याचे भाडे मिळत नाही. बंदरात कुणी विचारीत नाही, आज काय नीरम आणले म्हणून. पुन्हा माल मिळाला की ते उपसून टाकतात. पण ते भरताना हयगय चालत नाही. अगदी तळाशी, मधोमध आणि गच्च. दगड घरंगळले तर नसलेले परवडले.

आमच्या मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, हे आपण पाहिले असेल. त्या वजनाने आवाज खाली उतरतो, भरदार होतो. कणीक नसेल तर डावे अंग पोकळ बोलते. कार्यक्रम झाला की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. कीर्तनाला उभे राहण्याआधी मी वीणेकऱ्याकडे पाहावे आणि मागून नाखव्यांनी म्हणावे, "थांबा बुवा, नीरम भरू द्या." सव्वीस वर्षे हे वाक्य मी ऐकले आणि हसलो.

पाच वर्षांपूर्वी माझा आवाज गेला. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की बोला, पण गाऊ नका. कीर्तनकाराला हे सांगणे म्हणजे काय, ते टाळकऱ्याला विचारा. दोन-तीन सप्ताह नुसत्या निरूपणावर ओढून नेले. मग एका काल्याच्या कीर्तनानंतर थांबलो. लोकांनी सत्कार केला, शाल-नारळ दिले, एका तरुण कीर्तनकाराने पाया पडून माझी जागा घेतली. चांगला म्हणतो पोरगा. सगळे रीतसर झाले.

आणि मी घरी आलो. पन्नास वर्षे माझी डायरी पुढच्या चैत्रापर्यंत भरलेली असे. आता ती कोरी. फोन येईना. मुलगा-सून प्रेमळ आहेत, नातवंडे आहेत, उणे काही नाही. तरी पहिल्या चातुर्मासात मी असा काही कलू लागलो की माझे मलाच भय वाटे. क्षुल्लक कारणावरून राग, कुणी दुसऱ्या बुवांची स्तुती केली की पोटात कालवाकालव, दुपारी भिंतीकडे तोंड करून निजणे. पन्नास वर्षे वैराग्य सांगितलेला माणूस!

पुढे एका रात्री झोप लागेना, तेव्हा अंधारात नाखव्यांचा आवाज मनात आला. नीरम भरू द्या.

तेव्हा उमगले ते असे. कीर्तन हा माल होता. उत्तम माल, संतांच्या घरचा, पण माल. एका गावी भरला, दुसऱ्या गावी उतरवला. त्याला मागणी होती, मान होता, पाकीटही होते. तो असेपर्यंत माझे तारू खोल बसले होते आणि ती खोली माझीच आहे असे वाटणे साहजिक होते. माल उतरला. डोलकाठी मात्र तशीच उंच राहिली, म्हणजे बुवापण.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चारला उठून स्नान, मग हरिपाठ. आवाज नाही, म्हणून ओठांतल्या ओठांत. चाल नाही, टाळ नाही, समोर कुणी नाही. एका ओवीवरून दुसरे प्रमाण सुचले तर तिथेच सोडून द्यायचे, कारण ते आता कुठे सांगायचे नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. याची कुणाला खबर नाही, आता तुम्हाला मीच देतो आहे तेवढीच.

यावर कुणी पूर्वपक्ष करील की हरिपाठाला तुम्ही दगड-रेती म्हणता? विकत कुणी न घेणारी वस्तू म्हणता? होय, म्हणतो, आणि अनादराने म्हणत नाही. कीर्तनात मी जो हरिपाठ म्हणे त्याला श्रोते होते, त्यामुळे तो थोडा मालाच्या बाजूला झुके. आता त्याला गिऱ्हाईक नाही. म्हणूनच तो तळाशी जाऊन बसतो. वारा अजून लागतो. परवाच एका मोठ्या सप्ताहाची पत्रिका आली, त्यात कीर्तनकारांची नावे वाचताना गलबत हलले. पण आडवे झाले नाही. तुमच्यापैकी जे नोकरीतून निवृत्त झाले असतील, ज्यांची शेती मुलांनी हातात घेतली असेल, ज्या आयांच्या हातून स्वयंपाकघर गेले असेल, त्यांना मी काय म्हणतो ते जास्त बोलल्याशिवाय कळेल.

नाखवा दोन वर्षांपूर्वी गेले. वर्षश्राद्धाला मी त्यांच्या गावी गेलो होतो. मुलांचा यांत्रिक ट्रॉलर आहे. इंजिन, डिझेल, बर्फ यांचे वजन तळात कायमचेच, दगड भरायचे कारण नाही. वाट उपग्रहावरून पडद्यावर दिसते, वादळाची सूचना आधी मिळते. फार चांगले झाले, माणसे वाचतात. त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या काळी हे असते तर! धाकट्याला मी विचारले, "काय रे, नीरम म्हणजे काय, ठाऊक आहे का?" त्याने मोठ्या भावाकडे पाहिले. मोठ्याने मान हलवली. कुणाला माहीत नव्हते. आजा तांडेल होता त्यांचा.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "अरे, नीरम नाय ठावं? तुजा बापूस मुरदंगाला लावायचा ती कनीक!"